प्रयोजन

नकाशात समुद्र निळा नसतो.
आमच्या कार्यालयात तो कोरा सोडतात.
रंग सुरू होतात भरतीरेषेपासून, जमिनीकडे:
आधी पिवळा, मग फिकट हिरवा,
आणि जिथं काहीच चालत नाही तिथं
तिरक्या रेघा,
बांगड्याच्या पाठीवर असतात तशा.

सतरा वर्षं मी या रेघा मारतो आहे.
कुठल्या वाडीत काय करता येईल
हे माणसाला विचारायचं नसतं,
सर्व्हे नंबरला विचारायचं.
सर्व्हे नंबर खोटं बोलत नाही.
फारसं बोलतही नाही.

हिरावती मेथर आली त्या दिवशी वीज गेली होती.
सुकटीच्या पिशवीत सातबारा,
घडीवर घडी घालून पुडीएवढा केलेला.
तिला एक खोली हवी होती घराला लागून,
जांभ्याची, वर जुनीच कौलं.
कशासाठी, मी विचारलं,
कारण फॉर्मात रकाना आहे: प्रयोजन.
म्हणाली, सून सातव्यात आहे.

मी यादी काढली.
होडी दुरुस्त करणे, अनुज्ञेय.
मासळी सुकवणे, अनुज्ञेय.
जाळी ठेवण्यासाठी निवारा,
अनुज्ञेय, अटींच्या अधीन राहून.
पान उलटलं. पुन्हा मागे आणलं.
बाळंतीण कुठल्याच पानावर नव्हती.
निषिद्धातही तिचं नाव नव्हतं;
'नवीन निवासी बांधकाम' या तीन शब्दांत
ती दिसूही नये इतकी नीट मावली होती.

'म्हणजे जाळ्यांका खोली चलता,
आणि माझ्या सुनेक नाय?'
मी म्हटलं, भिंती त्याच, कौलं तीच,
आत काय करता त्यावर ठरतं.
'मगे तुमी रातीचे बघूक येतलास?'
शेजारच्या टेबलावरचे पडते हसले.
मीही हसलो असतो,
पण ती उत्तराची वाट बघत होती.

त्याच महिन्यात उत्तरेच्या खडपाजवळ
बावीस झोपड्या उभ्या राहिल्या. बांबूच्या. तात्पुरत्या.
तात्पुरत्याला आमच्याकडे रकाना आहे.
न्हाणीघरात तिथं संगमरवर आहे, तोही तात्पुरता.
फाइल मीच तपासली, चोख होती.
त्यांचा माणूस मराठी असं लिहितो
की बांबूलाही वाटावं, आपण उद्या निघणार.

हे गाऱ्हाणं नाही.
रेघ नसती तर खाडीच्या मुखाशी एव्हाना
सात मजले असते,
आणि अंड्यातून निघालेली कासवं
दिव्यांकडे चालत थेट डांबरी रस्त्यावर.
पलीकडची तिवरं चिखलात उभी आहेत
तशीच या कागदातही उभी आहेत.
मला दोन्ही मुळं ठाऊक आहेत.

तर, मी तिचा फॉर्म भरला.
प्रयोजन: जाळी ठेवणे.
अक्षर माझं, अंगठा तिचा.
ती वाचू शकत नव्हती, आणि तिनं
काय लिहिलंस असं विचारलंही नाही.

स्थळपाहणीला गेलो तेव्हा दार उघडंच होतं.
आढ्याला जुनं जाळं बांधलेलं,
दुहेरी, झोळीसारखं,
आणि त्यात मुठी मिटून एक पोर.
बाजूला सून, भिंतीला टेकून, अर्धवट झोपेत.
मी टेप न उलगडताच परत फिरलो.
अहवालात लिहिलं: जागेवर जाळे आढळले.

निघताना हिरावतीनं मला मागच्या अंगणात नेलं.
माडाच्या बुंध्याला शेवाळाचा पट्टा, घोट्याच्या वर.
'गेल्या आवसेक दर्या हंयसर इल्लो.
त्याका परवानगी कोणी दिल्यान?'
माझ्या नकाशातली रेषा
तिथून अठरा पावलं समुद्राकडे होती.
मी मोजली. परत मोजली.

आता नवा नकाशा व्हायचा आहे.
रेघ आत सरकली तर ती खोली
आणि त्या बावीस झोपड्या
एकाच रंगात येतील.
मग पुन्हा तोच रकाना,
आणि कुणाकडे काय लिहायला आहे, हा प्रश्न.

कागद टेबलावर पसरलेला आहे.
खिडकीतून वारा येतो, चार कोपऱ्यांवर
चार शिंपले ठेवलेत.
मी अजून पेन्सिलच वापरतो आहे.